अकीकचा खडा आणि ग्रंथालयाचे कपाट

आमच्या परिचयातील एका खडे विक्रेत्यांची मुलगी विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकते. भूशास्त्र हा तिचा विषय. कॉलेजने प्रत्येक विद्यार्थ्याला एका खनिजावर वीस पानांचा प्रकल्प लिहायला सांगितला. वर्गातील काहींनी बाजारातून तयार प्रकल्प आणले. या मुलीने मात्र घरचाच विषय घेतला: अकीक. वडिलांच्या दुकानात अकीकच्या अंगठ्या रोज विकल्या जातात. मग माहिती शोधायला लांब कशाला जायचे, असे तिला वाटले. तिने वडिलांना विचारून पहिले वाक्य लिहिले, "अकीक हा यमनमधून येणारा मौल्यवान दगड आहे." सरांनी त्या वाक्याभोवती लाल शाईने गोल काढला आणि बाजूला एकच शब्द लिहिला, "कशावरून?"

तो लाल गोल मुलीपेक्षा वडिलांनाच जास्त झोंबला. तीस वर्षे ते गिऱ्हाइकाला हेच सांगत आले होते. त्यांना घाऊक व्यापाऱ्याने सांगितले होते आणि त्या व्यापाऱ्याला आणखी कुणीतरी. दोघे आमच्याकडे आले आणि आम्ही त्यांना घेऊन ग्रंथालयात गेलो. त्या शोधात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहोत. आपल्या समाजात दगड, खडे, चुना, वाळू, फरशी, माती या मालावर पोट असणारी हजारो घरे आहेत. त्या घरांतील मुले-मुली आता कॉलेजात जाऊ लागली आहेत. धंदा बापाच्या हातात, पुस्तक मुलीच्या हातात, आणि दोघांची गाठ पडत नाही, ही स्थिती बदलली पाहिजे.

प्रश्न लहान करावा

पहिल्या दिवशी आम्ही रिकाम्या हाताने परतलो. मुलीने संगणकावर "अकीक" हा शब्द टाकला. एकही पुस्तक निघाले नाही. मग "खनिजे" हा शब्द टाकला. इतकी पुस्तके निघाली की कोणते उघडावे ते कळेना. दोन्ही वेळा चूक ग्रंथालयाची नव्हती. मागणी नीट झाली नव्हती. दुकानात येऊन कुणी "काहीतरी चांगले दाखवा" म्हणाला तर आपण काय दाखवणार? आणि "अमुक मापाचा, लाल, बिनरेषेचा खडा द्या" म्हणाला तर लगेच डबी उघडतो. ग्रंथालयाचेही तसेच आहे.

म्हणून आम्ही कागदावर चार छोटे प्रश्न लिहिले. अकीक कशाचा बनलेला असतो? तो जमिनीत कसा तयार होतो? भारतात तो कोठे सापडतो आणि त्याला पैलू कोठे पाडतात? हे काम करणाऱ्या कारागिराचे आयुष्य कसे असते? चार प्रश्नांची चार कपाटे निघाली. एकाच कपाटात सगळे सापडेल ही अपेक्षा सोडली की अर्धे काम झाले असे समजावे.

एका दगडाची अनेक नावे

आपण ज्याला अकीक म्हणतो त्याला इंग्रजी पुस्तकात ॲगेट म्हणतात. तोच दगड एकरंगी लाल किंवा नारिंगी असेल तर तो कार्नेलियन. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, आपल्या बाजारात सुलेमानी म्हणून विकला जाणारा दगड पुस्तकात ऑनिक्स या नावाखाली सापडतो. या सर्वांचे कुळ कॅल्सेडोनी. कॅल्सेडोनी म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे क्वॉर्ट्‌झ, म्हणजेच सिलिका. रासायनिक घडण पाहिली तर अंगठीतला अकीक आणि नदीची पांढरी वाळू ही एकाच घरातली भावंडे आहेत.

म्हणून शोध सुरू करण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर नावांची यादी करावी: बाजारातले नाव, मराठी शास्त्रीय नाव, इंग्रजी नाव, कुळाचे नाव. एका नावाने दार उघडले नाही तर दुसऱ्या नावाने उघडते.

ही यादी करण्यासाठी सर्वांत सोयीचा ग्रंथ म्हणजे मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आज सर्व खंड संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. अकीक, क्वॉर्ट्‌झ, खनिज, ज्वालामुखी, दक्षिण ट्रॅप अशा शब्दांखाली शोधावे. एका नोंदीत दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवलेले असते, त्या बोटाच्या मागे जावे. विश्वकोश वाचून प्रकल्प पुरा झाला असे मात्र समजू नये. तो दिंडी दरवाजा आहे, वाडा त्याच्या आत आहे.

दुसरा प्रश्न तेथेच सुटला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या दख्खनमध्ये लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि त्यांचा काळा पाषाण झाला. आज तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. थंड होताना लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. सिलिका विरघळलेले पाणी त्या पोकळ्यांत झिरपले आणि थर साचत गेले. अकीकच्या पोटातील रेषा म्हणजे हेच थर. हे वाचल्यावर वडिलांनी खिशातून एक खडा काढून उजेडासमोर धरला. "रोज या रेषा दाखवून भाव सांगतो," ते म्हणाले, "पण त्या कशाच्या आहेत हे आज कळले."

कपाटाचा क्रमांक

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल बाईंनी एक कळ सांगितली. आपल्या अनेक ग्रंथालयांत ड्युई यांच्या दशांश पद्धतीने पुस्तके लावलेली असतात. या पद्धतीत प्रत्येक विषयाला क्रमांक असतो आणि तो पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला असतो. खनिजविज्ञान ५४९, भूविज्ञान ५५०, खडक ५५२, उपयोगी खनिजे ५५३, त्यातच रत्ने ५५३.८, आणि भारताचे भूविज्ञान ५५५.४. खाणकाम मात्र तेथे नाही. ते ६२२ वर, तंत्रविद्येच्या कपाटात. दगड कोरण्याची कला ७३६ वर, कलांच्या कपाटात. कारागिरांचे आरोग्य ६१३.६२ वर, वैद्यकाच्या बाजूला.

म्हणजे एकच अकीक ग्रंथालयात चार ठिकाणी वाटला गेला आहे. ज्याला हे ठाऊक नाही तो ५४९ पाहून "पुस्तकच नाही" म्हणत घरी जातो. क्रमांक कळला की संगणकासमोर बसण्याऐवजी थेट कपाटासमोर उभे राहावे आणि शेजारची दहा पुस्तके चाळावीत. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटची सूची पाहावी आणि आपल्या यादीतील एकेक नाव तेथे शोधावे. काही ग्रंथालयांत डॉ. रंगनाथन यांची कोलन पद्धत असते. तेथे भूविज्ञानाचे अक्षर एच आहे. कोणती पद्धत आहे हे विचारायला लाजू नये. ग्रंथपालाला विचारणे हे कमीपणाचे नाही. त्यांचे कामच ते आहे.

या कपाटात दोन जुनी नावे ओळखीची करून घ्यावीत. दाराशॉ वाडिया यांचा भारताच्या भूविज्ञानावरील ग्रंथ १९१९ साली प्रथम निघाला आणि पिढ्यान्‌पिढ्यांनी तो अभ्यासला. महाराष्ट्रापुरते पाहायचे तर जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने १९९८ साली प्रसिद्ध केलेला देशपांडे यांचा ग्रंथ आहे. खनिजांच्या वजनाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: अल्‌बेरुनी यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी रत्ने आणि धातू पाण्यात तोलून त्यांचे तुलनात्मक वजन काढले होते. रत्नांवरील त्यांचा अरबी ग्रंथ हैदराबादच्या दाइरतुल मआरिफने छापला आहे. हे लिहिताना आमचा हेतू अभिमान मिरवण्याचा नाही. हातात खडा धरून "कशावरून?" विचारण्याची रीत नवी नाही, एवढेच दाखवायचे आहे.

गावांची जुनी नावे

तिसरा प्रश्न होता, भारतात अकीक कोठला? येथे आमची गाडी पुन्हा अडली. अकीकचे काम म्हणजे खंभात, हे वडिलांना ऐकून ठाऊक होते. पण जुन्या ग्रंथांत खंभात शोधून सापडत नाही, कारण इंग्रजांनी ते कॅम्बे असे लिहिले. भडोच तेथे ब्रोच आहे. ज्या रतनपूरच्या खाणींतून कच्चा माल खंभातला जातो ते गाव आज भरूच जिल्ह्यात आहे, पण त्या काळी ते राजपिपळा संस्थानात होते आणि राजपिपळा रेवाकांठा एजन्सीखाली. म्हणून रतनपूरची माहिती भरूचच्या खंडात शोधणारा निराश होतो.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सहावा खंड १८८० साली निघाला. जेम्स कॅम्पबेल त्याचे संपादक. रेवाकांठा आणि कॅम्बे ही दोन्ही एकाच खंडात आहेत. खाण आणि कारखाना शेजारी-शेजारी! दगड उन्हात वाळवणे, मडक्यात घालून गोवऱ्यांच्या मंद आचेत तापवणे, फोडणे, घासणे, छिद्र पाडणे, असे सारे काम तेथे टप्प्याटप्प्याने वर्णिले आहे. त्याहीपूर्वी, १८५१ साली, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात समर्स यांचा कॅम्बेच्या अकीक व्यापारावर लेख आला होता. ती संस्था आज एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई म्हणून टाऊन हॉलच्या इमारतीत आहे.

नावांची आणखी एक गंमत. रतनपूरजवळच्या टेकडीवर सिद्दी बांधव ज्यांना मानतात त्या बाबा घोर यांचा दर्गा आहे. अकीकच्या धंद्याची सुरुवात त्यांच्यापासून झाली अशी कारागिरांत आख्यायिका आहे. भूवैज्ञानिकांच्या लिखाणात मात्र त्या भागातील अकीक असलेल्या गोट्यांच्या थराला "बाबागुरू" असे नाव आहे. बाबा घोर, बावा गोर, बाबागुरू ही तिन्ही रूपे ज्याच्या वहीत आहेत त्यालाच दर्ग्याची कथाही मिळेल आणि खडकाचा अहवालही.

जुन्या ग्रंथातून काय घ्यावे आणि काय घेऊ नये हेही समजून घ्यावे. कामाची पद्धत, हत्यारे, जुने भाव, गावांची वर्णने घ्यावीत. आजचा कायदा, आजची सीमा, आजचे उत्पादन यासाठी नवे कागदच पाहावेत.

सरकारी अहवाल

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था १८५१ साली स्थापन झाली. मुख्यालय कोलकात्यात, मध्य विभागाचे कार्यालय नागपुरात. तिचे "रेकॉर्ड्‌स" १८६८ पासून निघत आले. भारतीय खाण ब्यूरो ही १९४८ सालची संस्था. तिचे मुख्यालयच नागपुरात आहे. तिच्या खनिज वार्षिकीत खनिजवार प्रकरणे असतात. राज्याच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाचे ठिकाणही नागपूर. म्हणजे विदर्भातील विद्यार्थ्याच्या दारात हा खजिना आहे. अशा कार्यालयांच्या ग्रंथालयात जाताना प्राचार्यांचे पत्र आणि ओळखपत्र बरोबर न्यावे, आणि कोणता विषय, कोणते वर्ष, हे लिहून न्यावे.

हे अहवाल फक्त विद्यार्थ्याच्या कामाचे नाहीत. १० फेब्रुवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने ३१ खनिजे गौण खनिजे म्हणून जाहीर केली. त्या यादीत अकीकही आहे. गौण खनिजाचे नियम राज्य सरकार करते. कच्चा माल घेणाऱ्याला हे ठाऊक हवे, आणि वडिलांना ते मुलीच्या टिपणवहीतूनच कळले.

ज्यांना नागपूर किंवा मुंबई लांब पडते त्यांनी जिल्ह्याच्या शासकीय ग्रंथालयापासून सुरुवात करावी. घरात मोबाईल असेल तर विश्वकोशाबरोबर जुनी गॅझेटियरेही विनामूल्य वाचता येतात. विद्यापीठांना सादर झालेले प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर आहेत. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे भूकोश या नावाने पाहता येतात. मात्र संकेतस्थळावर कुणीही काहीही लिहितो. लेखक कोण, साल कोणते, संस्था कोणती, या तीन प्रश्नांची उत्तरे नसलेले पान प्रकल्पात घेऊ नये. पावती नसलेला माल आपण घेतो का?

जे शोधत नव्हतो ते सापडले

चौथा प्रश्न कारागिराच्या आयुष्याचा. मुलीला वाटले होते, येथे हुनराचे कौतुक लिहायचे आहे. कौतुकाला जागाही आहे. लोथल येथे १९५५ पासून झालेल्या उत्खननात मणी बनवण्याचा हडप्पाकालीन कारखाना सापडला. खंभातचे उस्ताद जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईवर दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने तो फोडतात. ही रीत पाहण्यासाठी परदेशी पुरातत्त्वज्ञ येऊन त्यांच्या पायाशी बसले. केनॉयर, विडाले आणि भान यांचा त्यावरील लेख १९९१ साली प्रसिद्ध झाला.

पण ६१३.६२ च्या कपाटापाशी वेगळेच पान उघडले. अकीक म्हणजे सिलिका. तो कोरडा घासला की जी धूळ उडते तिचे बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर ते फुप्फुसात जाऊन बसतात आणि फुप्फुस कठीण होत जाते. या रोगाचे नाव सिलिकोसिस. झालेले नुकसान औषधाने भरून येत नाही. क्षयाचा धोकाही वाढतो आणि कित्येकदा डॉक्टर क्षय समजूनच उपचार करत राहतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातच्या अकीक कारागिरांची तपासणी करून हे लिहून ठेवले आहे. धूळ फक्त घासणाऱ्याच्याच छातीत जाते असे नाही; काम घरात चालत असेल तर ती घरच्यांच्याही छातीत जाते.

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बेटा, आपले घासाईचे काम करतात ते चाचा दोन वर्षांपासून खोकतात."

ते दुसऱ्या दिवशी चाचांना घेऊन सरकारी रुग्णालयात गेले. बरोबर मुलीने लिहिलेली चिठ्ठी होती: काम कोणते, किती वर्षे, कोणता दगड, ओला की कोरडा घासतात. आतापर्यंत कोणत्याही डॉक्टरांनी चाचांना कामाबद्दल विचारले नव्हते आणि चाचांनीही आपण होऊन सांगितले नव्हते. तपासण्या चालू आहेत. घासाईच्या चाकावर आता पाण्याची धार सोडली आहे, कारण ओल्या दगडाची धूळ फार कमी उडते. चाकाजवळ धूळ ओढून घेणारा पंखा बसवण्याचा खर्च वडील काढत आहेत. तोंडाला रुमाल बांधला की झाले, हा समज मात्र सोडून द्यावा. इतके बारीक कण रुमालाने अडत नाहीत.

टिपण कसे ठेवावे

प्रत्येक पुस्तकासाठी वहीचे वेगळे पान घ्यावे. वर लेखक, ग्रंथाचे नाव, प्रकाशक, साल आणि कपाटाचा क्रमांक. खाली मजकूर आणि त्यापुढे पृष्ठ क्रमांक. पृष्ठ क्रमांक लिहायचा राहिला तर तेच पान शोधायला पुन्हा दिवस घालवावा लागतो. ग्रंथातील वाक्य जसेच्या तसे घेतले तर अवतरणात घ्यावे, नाहीतर आपल्या शब्दांत लिहावे. दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून खपवणे आणि काचेचा खडा अकीक म्हणून खपवणे यांत आम्हाला फरक दिसत नाही.

वहीचा एक भाग कारागिरासाठी राखून ठेवावा. पुस्तकात लिहिले आहे की क्वॉर्ट्‌झची कठिनता मोस यांच्या मापाने ७ आहे, म्हणून अकीक साध्या काचेवर ओरखडा काढतो. वडील हे पुस्तक न वाचताच वर्षानुवर्षे करत आले. पुस्तकात आहे की तापवल्याने दगडातील लोहाचा रंग पिवळटचा लाल होतो. चाचांना ठाऊक आहे की आच भरभर वाढली तर दगड तडकतो. या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी लिहिल्या तेव्हा प्रकल्पाला वजन आले. बाजारातून आणलेल्या तयार प्रकल्पात चाचा सापडत नाहीत.

आता त्या लाल गोलाविषयी. यमनमध्ये अकीक निघतो आणि तो नावाजलेलाही आहे. पण खडा यमनचा की खंभातचा, हे नुसते पाहून ओळखता येत नाही. दुकानातील मालाची बिले काढून पाहिली तेव्हा बहुतेक माल खंभातहून आल्याचे निघाले. मुलीने पहिले वाक्य खोडून नवे लिहिले, "आमच्या दुकानातील बहुतेक अकीक खंभातचा आहे, हे दुकानाच्या बिलांवरून." सरांनी या वेळी गोल काढला नाही.

वडिलांनी अंगठ्यांच्या पेटीवर आता एक छोटी चिठ्ठी लावली आहे: "अकीक, खंभात. रंग तापवून आणलेला." दोन गिऱ्हाइके चिठ्ठी वाचून निघून गेली, हे त्यांनी आम्हाला सांगितले. तिसऱ्याने विचारले, तापवून म्हणजे कसे? त्याला समजावण्यात पंधरा मिनिटे गेली आणि तो दोन अंगठ्या घेऊन गेला.

हीच वाट इतर धंद्यांनाही लागू आहे. कोकणातील चिरेवाल्यांच्या मुलांनी जांभा दगड घ्यावा. रत्नागिरी-सावंतवाडीचा गॅझेटियर खंडही १८८० सालचाच आहे. चुना, माती, फरशी, वाळू, ज्याचा जो माल त्याने त्याची नावे लिहावीत, क्रमांक काढावा, गावाचे जुने नाव शोधावे आणि सर्वांत शेवटी ६१३.६२ चे कपाट विसरू नये. दगड घासणाऱ्या, फोडणाऱ्या आणि क्रशरवर राबणाऱ्या प्रत्येक घरातील शिकत्या मुलाने ते एक पान वाचून घरी मोठ्याने वाचून दाखवावे, एवढीच आमची विनंती आहे.